डाव्या पंखावरचा ठसा

डोळे तपासून घेताना माणसाने समोरच्या तक्त्याकडे बघायचं असतं. एवढी साधी गोष्ट त्या दिवशी चौक गावच्या प्रीतमला काही केल्या जमत नव्हती.

श्रावणातला रविवार होता. जुन्या हायवेवरच्या एका ढाब्याच्या पत्र्याखाली ट्रकड्रायव्हर आणि गॅरेजवाल्यांसाठी मोफत नेत्रतपासणीचं शिबिर भरलं होतं. बाहेर ऊन आणि पाऊस आळीपाळीने येत होते, माथेरानचा डोंगर ढगात जाऊन पुन्हा बाहेर डोकावत होता, आणि आत कर्जतच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानातली दीक्षा सकाळपासूनचा बेचाळिसावा माणूस तपासत होती. बेचाळिसावा माणूस म्हणजे हा. उंच, जरा वाकून बसलेला, नखांच्या कडांना चंदेरी रंग लागलेला.

“वाचा,” दीक्षा म्हणाली.

“काय वाचू?”

“समोर अक्षरं आहेत ना, ती.”

“हायत. पण तुमी मधे उभ्या हाय.”

ती मधे नव्हतीच. चांगली दोन हात बाजूला उभी होती. तरीही ती आणखी एक पाऊल सरकली. त्याने मग शहाण्या मुलासारखी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं धडाधड वाचली आणि थांबला.

“खाली छापखान्याचं नाव पन हाय. ते वाचू?”

शेजारच्या टेबलावर नावं लिहून घेणारी, तिच्याच दुकानातली हर्षला फिसकन हसली. दीक्षाने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि त्याच्या हातात जवळचं वाचायचं कार्ड दिलं. आता मात्र गंमत झाली. कार्ड हातात घेऊन तो हात लांब करत गेला, करत गेला, आणि हात संपला तेव्हा त्याने मान मागे घेतली.

“लांबचं छान दिसतंय. जवळचं दिसत नाही तुम्हाला,” दीक्षा म्हणाली. “डोकं दुखतं?”

“संध्याकाळी. लई.”

“काम काय करता?”

“डेंटिंग-पेंटिंग. गाड्यांचं. हितंच पुढं गॅरेज हाय माझं.”

“त्यात एवढं बारीक काय बघता?”

“त्यात नाय…” तो जरा घुटमळला. “दुसरं एक काम करतो. विमानं करतो.”

दीक्षाला वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. तिने त्याच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि एकेक भिंग बदलत नेहमीचा प्रश्न विचारायला सुरुवात केली. “हे बरं… की हे?”

“परत दाखवा.”

“हे… की हे?”

“परत.”

सहाव्यांदा भिंग बदलल्यावर तिने हात कमरेवर ठेवले. “तुम्हाला कळत नाहीये, की मुद्दाम चाललंय?”

“पयल्या येळेलाच कळलं व्हतं,” तो म्हणाला. चौकटीतल्या भिंगांमागे त्याचे डोळे मोठे दिसत होते, आणि त्यांत लबाडी अजिबात नव्हती. नुसतं खरं सांगून टाकणं होतं. दीक्षाने मान खाली घालून नंबर लिहिला. तो लिहिताना ती एकदा चुकली, हे हर्षलाच्या नजरेतून सुटलं नाही.

चष्मा गुरुवारी तयार झाला. प्रीतम न्यायला आला नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला, पुढचा आख्खा आठवडा गेला. चष्मा दुकानाच्या खणात पडून राहिला आणि दुकानाचं दार वाजलं की दीक्षाची मान आपोआप वळायला लागली. मंगळवारी दुकान बंद असतं. त्या मंगळवारी तिने चष्मा पर्समध्ये टाकला, स्कूटी काढली आणि आईला सांगितलं की चौकच्या मावशीकडे जाऊन येते. आता, चौकला तिची मावशी राहते ही गोष्ट खरी आहे. त्या मावशीकडे ती दोन वर्षांत फिरकली नव्हती, हेही खरं आहे.

गॅरेज सापडायला वेळ लागला नाही. पुढे एक बिनदाराची गाडी पत्र्याच्या खळग्यांत लांबी भरून घेत उभी होती. प्रीतम तिच्या पलीकडून आला आणि दीक्षाला बघून हातातला पॉलिश पेपर तसाच धरून उभा राहिला.

“चष्मा,” ती म्हणाली. “तुम्ही आला नाहीत न्यायला.”

“येणार व्हतो. रोज निघायचो…” तो म्हणाला. “मग वाटायचं, निऊन टाकला की संपलं. परत यायला काय कारण राह्यचं नाय.”

दीक्षाने पर्समधून चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो घातला, इकडेतिकडे बघितलं, स्वतःचा तळहात डोळ्यांपुढे धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मग एकदम म्हणाला, “या. तुमाला दाखवतो.”

गॅरेजच्या मागे एक लहान खोली होती. तिला एकच खिडकी, आणि खिडकीतून डोंगर. भिंतीला एक लांब फळी ठोकलेली होती आणि त्या फळीवर, एकापुढे एक, अकरा लढाऊ विमानं उभी होती. प्रत्येक दीड वीत लांब. कुणाचे पंख त्रिकोणी, कुणाचे मागे वळलेले. पंखांखाली टाचणीएवढी क्षेपणास्त्रं, चाकांना नखाएवढे टायर, आणि पत्र्यांच्या जोडांवर रेघेसारखे रिव्हेट. अठ्ठेचाळीसपट लहान केलेलं आकाशाचं सगळं सामान.

“हे तुम्ही…?”

“पेटीतून तुकडे येतात, प्लास्टिकचे. पन नुसतं जोडलं की खेळणं दिसतं. घासायचं, भरायचं, परत घासायचं. रंग मातर आपल्याच गॅरेजचा. ह्यो चंदेरी हाय ना, ह्यो एका व्हॅगनआरचा उरलेला.”

टेबलावर बारावं विमान होतं. रुपेरी, लांबट, नाकापुढे सुई असलेलं. दीक्षाने ते बघितलं आणि तिच्या काळजात काहीतरी लकाकलं. हा आकार तिने लहानपणापासून बघितला होता, घरातल्या भिंतीवर, बाबांच्या फोटोत. तिने नकळत हात पुढे केला आणि डाव्या पंखावर अंगठा ठेवला.

पंख ओला होता.

तिने अंगठा उचलला तेव्हा रुपेरी रंगावर तिचा ठसा उमटला होता, वळ्या-वळ्यांचा, स्पष्ट. मधून एक तिरकी रेघसुद्धा गेलेली, कारण तीन वर्षांपूर्वी भिंगाच्या कडेने तिचा अंगठा कापला होता, त्याची ती खूण.

“अगं आई… माफ करा. मला खरंच…”

“असू द्या.” त्याचा चेहरा मात्र असू द्या असं म्हणत नव्हता. “चार दिवसांचं काम व्हतं. घासून काढीन. कळनार पन नाय.”

“हे मिग एकवीस आहे ना?”

तो चपापला. इकडच्या मुलींना विमानांची नावं माहीत असतात असा त्याचा अनुभव नसावा.

“माझे बाबा वीस वर्षं याच विमानावर फिटर होते,” दीक्षा म्हणाली.

परतताना पाऊस भुरभुरत होता. रेनकोट पर्समध्येच राहिला आणि हे तिच्या लक्षात आलं ते घराशी, भिसेगावात शिरल्यावर. अंगठ्याला लागलेला रंग तिने घरी आल्यावर धुतला, पण जरा उशिराने.

दीक्षाच्या बाबांना, म्हणजे कोंडीरामांना, हवाई दलातून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. माणूस अबोल. सकाळी बुद्धवंदना, मग पेपर, मग गुडघ्यांना तेल. पण जेवताना दीक्षाने सहज सांगितलं की चौकमध्ये एक मुलगा मिग एकवीस करतोय, आणि बाबांचा घास हातातच राहिला.

“कंचं? कोंच्या रंगाचं?”

“चंदेरी.”

“मग जुनं हाय ते. आमच्या येळचं.” त्यांनी घास ताटात परत ठेवला. “सप्टेंबरच्या शेवटाला रिटायर करतायत त्याला. सव्वीस तारखेला, चंदीगडला. आमच्यातले चारपाच जण चाललेत. माझे गुडघे मला कुठं जाऊ देतायत.”

त्याच वेळी दीक्षाच्या मनात आलं की ते विमान सव्वीस तारखेला या घरात असलं पाहिजे. पुढच्या मंगळवारी मावशीची आठवण पुन्हा दाटून आली, आणि तिने प्रीतमला तसं सांगून टाकलं.

“सव्वीसला?” तो म्हणाला. त्याने फळीवरच्या अकरा विमानांकडे बघितलं. तेव्हा तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं की एकाही विमानाला वैमानिकाच्या डोक्यावरची काच बसवलेली नव्हती. काचा बाजूला, छोट्या डब्यांमध्ये, कापसात ठेवलेल्या होत्या.

“ह्यातलं एकही पूर्ण नाही?”

“काच लावली की संपलं ना. मग आत काय चुकलं असंल तर हात घालता येत नाय.” त्याने एक डबा उघडून दाखवला. आतली काच धुक्यासारखी पांढरी झाली होती. “ही पयली. गाड्यांच्या बंपरला लावतो त्या झटपट गोंदानं चिकटवली. सकाळी बघतो तर आतून धूर धरल्यावानी. तीन म्हयन्यांचं काम. तवापासून… नाय लावत.”

दीक्षाला हसू आलं आणि वाईटही वाटलं. “त्या गोंदाची वाफ बसते काचेवर. आमच्या दुकानात भिंगाजवळ तो आणूसुद्धा देत नाहीत. लाकडाचा साधा पांढरा गोंद लावा. वाळायला दुसरा दिवस उजाडतो, पण वाळला की पारदर्शक.”

“एवढंच?”

“एवढंच. धीर पाहिजे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “धीर लई हाय माझ्याकडं,” तो म्हणाला, आणि यात खोट नव्हती. फक्त कधीकधी धीर आणि भीती यांची अदलाबदल होते, ते त्याला अजून कळायचं होतं.

मग मंगळवारांची एक मालिकाच सुरू झाली. प्रीतम कागदाच्या चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, दीक्षा ती भिसेगावला न्यायची, आणि बाबा चष्मा पुसून, पेन्सिलीने, शाळेतल्या मुलासारखं टोक दाबून उत्तर लिहायचे. पंखावर चढताना बूट कुठे लागायचे? धुराचा डाग कुठून कुठवर जायचा? इंधनाच्या झाकणाभोवती रंग उडालेला असायचा का? एका चिठ्ठीला बाबांनी दोन पानी उत्तर लिहिलं. वीस वर्षांच्या नोकरीबद्दल त्यांनी घरात एवढं कधी सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, “कोण गं ह्यो मुलगा? ह्या मानसाला बोलतं केलं.”

त्या दोन पानांत लाल पट्ट्यांची गोष्ट होती. विमान जमिनीवर उभं असताना त्याच्या चाकांना, पंखांखाली, नाकापुढच्या सुईला लाल पट्ट्या लावलेल्या असतात. उडण्याआधी फिटर त्या एकेक करून काढतो, मोजतो आणि वैमानिकाला दिसतील अशा हातात उंच धरतो. मग अंगठा वर करतो. त्या अंगठ्याशिवाय विमान जागचं हलत नाही. ‘वीस वर्षांत मी एकदाही चुकीचा अंगठा केला नाही,’ असं बाबांनी खाली लिहिलं होतं आणि त्याखाली सही केली होती.

प्रीतमने ते मोठ्याने वाचलं आणि चिठ्ठी नीट घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

कधी पाऊस पत्र्यावर इतका वाजायचा की बोलणंच व्हायचं नाही. मग दोघं टेबलावर वाकून वैमानिकापुढची घड्याळं रंगवायची. दीक्षाचा हात स्थिर, म्हणून सुईच्या टोकाने पांढरा ठिपका ती द्यायची, आणि तो श्वास रोखून बघायचा. तिला त्याच्या शर्टाचा थिनरचा वास यायचा, ओल्या मातीचा वास यायचा, आणि त्या एवढ्याशा खोलीत, एवढ्याशा विमानावर वाकलेलं असताना तिला वाटायचं की आपण दोघंच त्यात बसून कुठेतरी निघालोय. खिडकीतला डोंगर ढगात गेला की हे खरंच वाटायचं.

“श्वास सोडा आता,” एकदा ती म्हणाली.

“तू ठिपका दिलास की सोडतो,” तो म्हणाला, आणि मग दोघांनाही कळलं की तो ‘तू’ म्हणाला. ठिपका जरा मोठा पडला.

“बिघडला,” ती म्हणाली.

“राहू दे.”

“तू राहू दे म्हणतोस? कधीपासून?” तीही ‘तू’ म्हणून गेली. डाव्या पंखावर मात्र नेहमी एक कागद चिकटवलेला असायचा. रंग वाळतोय, असं तो सांगायचा. इतके दिवस कुठला रंग वाळतो, हे तिने विचारायला हवं होतं. पण तेव्हा तिला पंखाकडे बघायला सवड नव्हती.

तिला तो आवडायला लागला होता. याला दुसरं नाव नव्हतं आणि तिने शोधलंही नाही. दुकानात एका आजोबांचा नंबर तिने दुसऱ्याच आजोबांच्या चिठ्ठीवर लिहिला तेव्हा हर्षला म्हणाली, “मॅडम, जमिनीवर या.”

आणि नेमकं त्याच दिवसांत अंबरनाथचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर चांगलं, माणसं साधी. त्यांनी फोटोवरूनच होकार कळवला होता आणि दसऱ्यापर्यंत उत्तर मागितलं होतं. आई रोज विचारायची, “काय गं सांगू त्यांना?” दीक्षा रोज म्हणायची, “सांगते.” नाही म्हणायला तिला कुणाची भीती नव्हती. पण आईने ‘का नाही’ असं विचारलं असतं, आणि त्या ‘का’चं उत्तर चौकमध्ये एका खोलीत गप्प बसून पॉलिश पेपर घासत होतं. तो बोलला असता तर तिला सांगता आलं असतं. न बोलणाऱ्या माणसाच्या भरवशावर ती आईला काय सांगणार?

तेवीस तारखेच्या मंगळवारी तिने ठरवलं की आज सांगायचं. विमान जवळजवळ झालं होतं. काच तेवढी डबीत होती, कापसात.

“अंबरनाथचं स्थळ आलंय मला,” ती म्हणाली. “दसऱ्यापर्यंत उत्तर द्यायचंय.”

प्रीतमचा ब्रश थांबला. बाहेर एका ट्रकने हॉर्न दिला आणि तो पुढे निघून गेला.

“मुलगा… चांगला हाय का?”

“चांगला आहे.”

“मंग…” त्याने ब्रश थिनरमध्ये बुडवला, पुन्हा काढला, पुन्हा बुडवला. “मंग चांगलंच हाय.”

दीक्षा उठली. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं आणि तिने तो चढवला नाही. त्यामुळे ते जास्तच लागलं.

“बारा विमानं आहेत तुझी, प्रीतम. बाराही उघडी. तुला काच बसवायची भीती वाटते, आणि तू तिला धीर म्हणतोस. हे विमान बाबांना दे नाहीतर ठेव तुझ्या फळीवर. मी आता येणार नाही.”

तिने ओढणी सावरली, स्कूटी सुरू केली आणि निघाली. वाटेत तिला रडू आलं. पळसदरीच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन ती मनसोक्त रडली, तोंड धुतलं आणि घरी गेली. आईला म्हणाली, “शुक्रवारी सांगते. नक्की.”

बुधवार गेला. गुरुवार गेला. फोन आला नाही.

शुक्रवारी, सव्वीस तारखेला, तिने दुकानातून सुट्टी घेतली. बाबांनी पहाटेच दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि टीव्हीसमोर खुर्ची मांडली होती. चंदीगडचा निरोप समारंभ दाखवायला लागले. बाबा ताठ बसले होते. दीक्षा त्यांच्या मागे दाराला टेकून उभी होती. तिचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं, आणि आपलं लक्ष रस्त्याकडे आहे याचा तिला राग येत होता.

साडेअकराच्या सुमारास भिसेगावच्या रस्त्यावर एक टेंपो आला. बैलगाडीसुद्धा त्याच्यापुढे गेली असती इतक्या हळू. मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. चालवणारे मालोजी मामा, म्हणजे प्रीतमच्या गॅरेजचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, खिडकीतून हात काढून सगळ्यांना थांबा थांबा करत होते. शेजारी मांडीवर खोकं धरून प्रीतम बसला होता. पांढरा शर्ट, चष्मा, आणि डोळे लाल झालेले.

तो दारात आला, बाबांना वाकून जयभीम म्हणाला, आणि खोकं टेबलावर ठेवून त्याने चारी बाजू उघडल्या.

मिग एकवीस बैठकीच्या खोलीत उभं राहिलं. खिडकीतलं ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं. शेपटीवर बाबांच्या फोटोतलाच आकडा होता, पंखाच्या मुळाशी बुटांनी झिजलेला रंग होता, आणि नाकापुढच्या सुईला केसाएवढी बारीक एक लाल पट्टी लोंबत होती. दीक्षाने आधी काचेकडे बघितलं. काच बसवलेली होती. बंद. आतली घड्याळं स्पष्ट दिसत होती, आणि त्यातला एक ठिपका जरा मोठा होता.

बाबांनी भिंग मागितलं. नाकापासून सुरुवात करून ते इंचाइंचाने मागे सरकत गेले, वीस वर्षं रोज सकाळी सरकायचे तसे. मधेच “बरोबर” म्हणायचे. एकदा म्हणाले, “हितं धूर जास्ती हवा व्हता.” प्रीतम म्हणाला, “हां साहेब.” टीव्हीवर मोठी विमानं शेवटचं उडत होती आणि बाबा त्यांच्याकडे न बघता या लहानग्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

डाव्या पंखावर भिंग थांबलं.

“ह्ये काय?”

“ठसा हाय, साहेब,” प्रीतम म्हणाला. “अंगठ्याचा.”

“आमच्यात कुनाचा हात उमटला तर सार्जंट उभा ऱ्हाऊन पुसून घ्यायचा. तू पुसला नाय?”

“तीनदा पॉलिश पेपर घेऊन बसलो. नाय झालं माझ्याच्यानं.” त्याने चष्मा सावरला. “मग त्येच्यावरून आरपार दिसनारं लॅकर मारलं. आता ऱ्हातोय कायमचा.”

बाबांनी भिंग आणखी खाली नेलं. ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती. त्यांनी मान वर करून दाराकडे बघितलं. दीक्षाने उजवा हात ओढणीत लपवला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

बाबांनी टीव्ही बंद केला.

“साहेब, दीक्षाला एक विचारायचंय,” प्रीतम म्हणाला. “तुमच्यासमोर विचारलं तर चालंल?”

“मला काय पुसतोस? तोंड तिला हाय की.”

प्रीतमने बोलायला सुरुवात केली ती विमानाकडे बघत. “मंगळवारी तू गेलीस, तवा मी काच घेऊन बसलो. पांढरा गोंद लावला. वाळेस्तोवर हलायचं नाय असं ठरवलं. सगळ्या चुका दिसत व्हत्या मला आतल्या. मोठा ठिपका, एक तार वाकडी… वाटलं, काढावी परत. पन म्हटलं, ह्या चुका आपल्या दोघांच्या हायत. त्या आतच ऱ्हाऊ द्या. मी… तू अंबरनाथला…”

“प्रीतम,” दीक्षा म्हणाली. “इकडे बघून बोल.”

त्याने वर बघितलं. त्या रविवारी ढाब्याच्या पत्र्याखाली बघितलं होतं तसंच, सगळं खरं सांगून टाकणारं बघणं.

“मला तू हवीस,” तो म्हणाला. “लगीन करशील माझ्याशी?”

या प्रश्नाची तिने किती वाट बघितली होती, आणि आता तो समोर उभा होता. तिला त्याच्यावरचा रागही आठवत नव्हता. तिने लपवलेला हात ओढणीतून काढला, टेबलापाशी आली आणि पंखावरच्या ठशावर अंगठा ठेवला. तो बरोबर बसला. लॅकर गुळगुळीत होतं, थंड होतं.

“हो,” ती म्हणाली. “पण उरलेल्या अकरांना काचा मी बसवणार. तू नुसतं धरायचं.”

“आनि अंबरनाथला मी काय सांगू?” आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ती तिथे केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. हातातल्या ताटात मात्र चहाचे पाच कप होते, मालोजी मामांचासुद्धा धरून.

सगळे बाबांकडे बघत होते. बाबा गुडघ्यांवर हात टेकत उठून उभे राहिले. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत नाकापुढची ती लाल पट्टी धरली, अलगद ओढून काढली आणि तळहातावर ठेवून मोजली. एकच होती, तरी मोजली. मग चार पावलं मागे सरून ते ताठ उभे राहिले. पट्टी प्रीतमला दिसेल अशी उंच धरली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला.